अमेरिकन सिनेट : अडवायला फुकट, निस्तरायला महाग

खर्डेघाशा

अमेरिकेतल्या शटडाऊनचा, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कचेऱ्या बंद पडण्याचा, विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक "सगळे एका माळेचे मणी", दुसरी "त्या अलास्कातल्या पुलावर किती उधळले बघा". अडवणूक कुठल्या नियमाने होते आणि पैसा नेमका कुठून गळतो हे दोन्हीकडे राहून जातं. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. काँग्रेसची (सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून अमेरिकेची संसद) मोठी उधळपट्टी सदस्यांनी मतदारसंघाकडे ओढून नेलेल्या कामांत नाही, वेळेवर काम न करण्यात आहे. आणि काम वेळेवर होत नाही, कारण अडवणाऱ्याच्या खिशाला त्याची काहीच झळ लागत नाही.

आता यंत्रणा. सिनेटमध्ये १०० सदस्य. विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं, पण चर्चा संपवून मतदानापर्यंत पोचायला ६० मतं लागतात. चर्चा बंद करण्याच्या या प्रस्तावाला क्लोचर म्हणतात, सिनेटचा नियम क्रमांक २२. प्रतिनिधीगृहात ही भानगड नाही, तिथे रूल्स कमिटी चर्चेचे तास आधीच आखून देते.

क्रम असा. १६ सिनेटरांच्या सह्यांनी क्लोचरचा प्रस्ताव दाखल होतो. मध्ये एक दिवस जाऊ द्यावा लागतो, म्हणजे सोमवारी दाखल केला तर मतदान बुधवारी. ६० मतं पडली तरी विधेयक लगेच मंजूर होत नाही, पुढे ३० तासांपर्यंत वेळ खाता येतो. आणि हे एकदाच करून भागत नाही. विधेयक चर्चेला घ्यावं की नाही यावरच आधी अडवता येतं, मग खुद्द विधेयकावर पुन्हा. ज्याला सत्तर-ऐंशी जणांचा पाठिंबा आहे असं विधेयकही एका हट्टी सदस्यापायी आठवडा-दीड आठवडा खातं.

मेख पुढे आहे. ६० हा आकडा हजर सदस्यांवर नाही, एकूण सदस्यांवर मोजतात. अडवणाऱ्या ४१ जणांनी सभागृहात पाऊलही टाकलं नाही तरी चालतं, ६० जमवायची जबाबदारी समोरच्यांची. १९१७ साली नियम आला तेव्हा हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश अशी अट होती, १९७५ मध्ये ती एकूण सदस्यांचे तीन-पंचमांश झाली. त्याआधी थोडे दिवस, माइक मॅन्सफिल्ड बहुमताचे नेते असताना, अडलेलं विधेयक बाजूला ठेवून दुसरं काम चालू ठेवायची पद्धत पडली होती. दोन्ही बदल सोयीसाठी झाले. परिणाम असा की पूर्वी फिलिबस्टर (चर्चा लांबवून विधेयक अडवणं) केला की सगळं सभागृह ठप्प व्हायचं, लोक विचारायचे कोण अडवतंय. आता एक ईमेल पुरते.

रानजाई

पण मग सिनेटर कोरी बुकर २५ तास उभे राहून बोलले ते काय होतं? तो फिलिबस्टर नाही का?

खर्डेघाशा

@रानजाई, नाही. ३१ मार्च २०२५ ला संध्याकाळी सुरू करून ते २५ तास ५ मिनिटं बोलले, विक्रम झाला. पण त्या वेळी अडवण्यासारखं ठरावीक विधेयक समोर नव्हतं, तो निषेध होता. आधीचा विक्रम स्ट्रॉम थरमंड यांचा, १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं. तो मात्र अस्सल फिलिबस्टर, आणि त्यानेही विधेयक अडलं नाहीच. आजची खरी अडवणूक टीव्हीवर दाखवण्यासारखी नसते.

हिशोबनीस

पैशांची बाजू मी घेते.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी १२ विनियोजन विधेयकं (सरकारी खर्चाला वर्षाचे पैसे मंजूर करणारी) मंजूर व्हायला हवीत. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने आजची पद्धत आली, तेव्हापासून सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाली अशी वर्षं चारच: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. उरलेल्या प्रत्येक वर्षी सीआर, म्हणजे कंटिन्युइंग रिझोल्यूशन. आपल्याकडच्या लेखानुदानासारखं ते तात्पुरतं असतं, पण लेखानुदान निवडणुकीच्या वर्षी येतं आणि हे दरसाल येतं.

सीआर म्हणजे "गेल्या वर्षी होते तेवढेच पैसे, गेल्या वर्षी होती तीच कामं". नवीन प्रकल्प सुरू करता येत नाही. चालू प्रकल्पाचा उत्पादनदर वाढवता येत नाही. समजा नौदलाने गेल्या वर्षी एक पाणबुडी मागवली होती आणि यंदा दोनचं नियोजन आहे, तर दुसरीसाठी खास सवलत मिळेपर्यंत हात बांधलेले. उलट जो कार्यक्रम बंद करायचा ठरलं होतं त्यात पैसे येत राहतात! कंत्राटं वर्षाची न करता सहा-आठ आठवड्यांची करावी लागतात, प्रत्येक तुकड्याला वेगळा आदेश, वेगळी तपासणी, वेगळ्या सह्या. कंत्राटदार ही अनिश्चितता भावात धरतो. मग मार्चमध्ये कधीतरी वर्षाचा पूर्ण पैसा हातात पडतो आणि ३० सप्टेंबरच्या आत तो बांधून टाकायचा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खुर्च्या-संगणकांची खरेदी का फुगते ते यावरून समजेल. आपल्याकडे मार्चअखेरीला सरकारी कचेरीत काय चालतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

डिसेंबर २०१७ मध्ये तेव्हाचे नौदल सचिव रिचर्ड स्पेन्सर यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की २०११ पासून सीआरपायी नौदलाचे सुमारे ४ अब्ज डॉलर वाया गेले. हे एकट्या नौदलाचं.

हिशोबनीस

(आधीच्या प्रतिसादात शटडाऊन राहिलं.)

सीआरही मंजूर झाला नाही की शटडाऊन. मूळ कायदा १८८४ चा, अँटीडेफिशियन्सी अ‍ॅक्ट: काँग्रेसने मंजूर न केलेला पैसा खर्चायचा नाही. तरी जवळपास शंभर वर्षं कचेऱ्या पैसे येतील असं धरून चालू राहायच्या. १९८० आणि १९८१ मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी दोन अभिप्राय दिले की असं चालणार नाही, जीवित-मालमत्तेच्या रक्षणाची कामं सोडून बाकी थांबवा. आजचं शटडाऊन या अभिप्रायांतून आलं, संविधानातून नव्हे.

गंमत म्हणजे शटडाऊनमध्ये पैसे वाचत नाहीत. २०१९ च्या कायद्याने घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांना मागचा पगार देणं बंधनकारक केलं, त्याआधीही प्रत्येक वेळी काँग्रेस तो देतच होती. म्हणजे काम शून्य, पगार पूर्ण. सिनेटच्याच तपास उपसमितीने २०१३, २०१८ आणि २०१९ ची तीन शटडाऊन मोजली: न केलेल्या कामाचा पगार किमान ३.७ अब्ज डॉलर, वर उशिराचे दंड, बुडालेली शुल्कं, जादा कागदपत्रं यांचे किमान ३३.८ कोटी डॉलर.

अर्थव्यवस्थेचं नुकसान वेगळं. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ च्या ३५ दिवसांत काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या (सीबीओ) हिशोबाने ११ अब्ज डॉलरचं उत्पादन बुडालं, त्यातले ३ अब्ज कायमचे. २०२५ चं ४३ दिवस चाललं, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर. सहा आठवडे चाललं तर कायमचं नुकसान ११ अब्ज, असा सीबीओचा अंदाज होता.

बिनपाण्याची विहीर

सगळं ठीक, पण अलास्कातला पूल झटकून टाकू नका हो. ५० माणसांच्या बेटासाठी २२ कोटी डॉलर! हे वाया घालवणं नाही तर काय?

कोपऱ्यातला बाक

पुलाची गोष्ट अर्धीच सांगितली जाते, पूर्ण करतो.

केचिकान गावातून ग्रॅव्हिना बेटावर पूल. बेटावर वस्ती साधारण ५०, पण गावचा विमानतळ त्याच बेटावर आहे आणि तिथे फेरीबोटीने जावं लागतं. २००५ च्या महामार्ग कायद्यात त्यासाठी २२.३ कोटी डॉलर ठेवले गेले. त्याच कायद्यात अशी सहा हजारांवर कामं होती. त्या ऑक्टोबरात सिनेटर टॉम कोबर्न यांनी अलास्काच्या पुलांचे पैसे काढून कत्रिना वादळाने मोडलेल्या लुइझियानातल्या पुलाला देण्याची दुरुस्ती मांडली. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि दुरुस्ती १५ विरुद्ध ८२ मतांनी पडली. पुढे ओरड इतकी झाली की पुलाचं नाव कायद्यातून खोडलं, पण पैसे अलास्काकडेच राहिले, कुठेही वापरा म्हणून. २००७ मध्ये राज्याने पूल रद्द केला. बेटावरचा जोडरस्ता तेवढा बांधून झाला, सुमारे अडीच कोटी डॉलरचा. ज्या पुलाला जोडायचा तो पूलच नाही.

म्हणजे पैसा वाया गेला हे खरंच. पण प्रमाण बघा. २०११ मध्ये या इअरमार्कांवर (सदस्याने आपल्या मतदारसंघातल्या ठरावीक कामासाठी कायद्यात घालून घेतलेले पैसे) बंदी आली, २०२१ मध्ये ती उठली. आता प्रतिनिधीगृहात सदस्यामागे मागण्यांची मर्यादा, मागणी संकेतस्थळावर टाकणं सक्तीचं, स्वतःचा वा कुटुंबाचा आर्थिक संबंध नाही असं लेखी, नफा कमावणाऱ्या कंपनीला मनाई आणि एकूण रक्कम विवेकाधीन (दरसाल मंजूर करायच्या) खर्चाच्या १ टक्क्यावर नाही. २०२३ सालात अशी ७,२०० हून अधिक कामं, १५.३ अब्ज डॉलर. आपल्या खासदार निधीशी गल्लत नको. तिथे प्रत्येकाला ठरलेले ५ कोटी रुपये, इथे ठरलेलं काहीच नाही. विनियोजन समितीवर असलेल्याच्या ताटात जास्त पडतं.

आणि बंदीच्या काळात उधळपट्टी थांबली होती असंही नाही. लष्करप्रमुख रे ओडिएर्नो २०१२ मध्ये सांगत होते की नवे अब्राम्स रणगाडे आत्ता नकोत. ओहायोतल्या लिमाचा कारखाना चालू राहावा म्हणून काँग्रेस पैसे घालतच राहिली, तेही दोन्ही पक्षांच्या मतांनी. बंदीआधी एफ-३५ विमानाच्या दुसऱ्या इंजिनाचं तसंच. पेंटॅगॉन वर्षानुवर्षं नको म्हणत होतं, २०११ मध्ये ते बंद पडेपर्यंत सुमारे ३ अब्ज डॉलर गेले. यातलं काहीच इअरमार्कांच्या यादीत सापडत नाही.

सह्याद्री५१

खर्डेघाशांचा मूळ मुद्दाच मला पटत नाही. ६० मतांची अट उधळपट्टी वाढवते म्हणता? मोठे आकडे कुठे आहेत बघा. २०१७ ची करकपात, २०२१ चं १.९ लाख कोटी डॉलरचं कोविड पॅकेज, २०२५ चं "बिग ब्यूटिफुल बिल". तिन्ही रिकन्सिलिएशन या अर्थसंकल्पी विधेयकांच्या खास पद्धतीने, म्हणजे ५१ मतांच्या वाटेने गेली. २०२५ चं तर ५०-५० झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने. सीबीओच्या हिशोबाने त्याने दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटींनी वाढते. तुमच्या शटडाऊनचे ११ अब्ज त्यापुढे चिल्लर आहेत. जिथे ६० लागतात तिथे निदान समोरच्याशी बोलावं लागतं.

खर्डेघाशा

@सह्याद्री५१, आकडे बरोबर, पण मी त्यातून उलटं वाचतो. ६० ची वाट बंद असते म्हणूनच सगळं त्या ५१ च्या बोळातून कोंबलं जातं.

आणि तो बोळ फारच वेडावाकडा आहे. रिकन्सिलिएशनला चर्चा २० तासांची, फिलिबस्टर नाही. पण बर्ड नियमाप्रमाणे प्रत्येक कलमाचा अर्थसंकल्पावर थेट परिणाम हवा, नुसता ओझरता नको. हे ठरवायला दोन्ही पक्षांचे कर्मचारी सिनेटच्या पार्लमेंटेरियन (नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी) एलिझाबेथ मॅकडोनो यांच्यापुढे कलमागणिक वाद घालतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये १५ डॉलरचं किमान वेतन तिथेच गळालं. शिवाय ठरलेल्या खिडकीपलीकडच्या वर्षांत तूट वाढता कामा नये. परिणाम? करकपात कायमची न करता मुदतीची करायची, म्हणजे दहा वर्षांचा आकडा बसतो. मुदत संपायच्या वर्षी "करवाढ टाळा" म्हणून पुन्हा तोच खेळ. २०१७ च्या वैयक्तिक करकपातीची मुदत २०२५ अखेरीला संपत होती. या वेळी सिनेटने पायाच बदलला: चालू करदर कायम राहणार हे गृहीत धरलं, म्हणजे मुदतवाढीचा खर्च कागदावर शून्य. ३.४ लाख कोटींचा आकडा सीबीओच्या नेहमीच्या पद्धतीचा आहे, सिनेटच्या नव्या पद्धतीचा नाही.

विनियोजनाला मात्र हा बोळ जवळपास बंद. रोजच्या कारभाराच्या पैशाला ६०, दहा वर्षांच्या तुटीला ५१.

सह्याद्री५१

बोळ वाकडा हे मान्य. पण मग ६० काढून टाका म्हणताय का? जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्क विधेयकासाठी डेमोक्रॅटांनी प्रयत्न केला, त्यांचेच सिनेटर जो मॅन्चिन आणि कर्स्टन सिनेमा फिरले आणि ४८-५२ ने फसला. तीन वर्षांत सिनेट रिपब्लिकनांकडे गेलं तेव्हा याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. २०२५ च्या शटडाऊनमध्ये ट्रम्प उघड सांगत होते, फिलिबस्टर संपवा. सिनेटमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते जॉन थून यांनी नकार दिला. त्यांना कळतं, आज तोडलेली भिंत उद्या आपल्यालाही आडोसा देणार नाही.

हिशोबनीस

दोघांनाही एक जोड. ६० मतांनी झालेला करार आता ५१ ने मोडता येतो, हे २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. १९७४ च्या इम्पाउंडमेंट कायद्यानुसार अध्यक्ष मंजूर पैसा रद्द करायचा प्रस्ताव पाठवू शकतात. ४५ दिवसांत काँग्रेसने साध्या बहुमताने होकार दिला तर पैसा रद्द. जुलैमध्ये ९ अब्ज डॉलर असे गेले, त्यातले १.१ अब्ज सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे. ऑगस्टअखेरीस आणखी ४.९ अब्जांचा प्रस्ताव अशा वेळी पाठवला की ४५ दिवस पुरे होण्याआधी वर्षच संपणार. मग अल्पमतवाल्यांनी विनियोजनाला ६० का पुरवावेत? ऑक्टोबरातल्या शटडाऊनमागे आरोग्य विम्याच्या सवलती हे पुढे केलेलं कारण होतं, पण ही शंकाही सतत बोलली जात होती. प्रतिनिधीगृहाचा सीआर सिनेटमध्ये १४ वेळा अडला. ९ नोव्हेंबरला डेमोक्रॅट गटातले ८ फुटले तेव्हा बरोबर ६०-४०.

बिनपाण्याची विहीर

म्हणजे रिपब्लिकन ५३ असूनही सरकार बंद ठेवणारे डेमोक्रॅटच झाले ना?

कोपऱ्यातला बाक

त्या वेळी हो, मतं त्यांनी अडवली. २०१३ मध्ये ओबामाकेअरचे (ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचे) पैसे बंद करा म्हणून रिपब्लिकन अडले, १६ दिवस. २०१८-१९ मध्ये सीमेच्या भिंतीसाठी ट्रम्प अडले. हत्यार ज्याच्या हातात येईल तो चालवतो, म्हणून तर हत्याराबद्दल बोलायचं.

त्यातलं सगळ्यात स्वस्त हत्यार इथे कुणी काढलं नाही: होल्ड. सिनेटचं बरंचसं काम सर्वसंमतीने होतं. पक्षकार्यालयातून सगळ्या सिनेटरांच्या कचेऱ्यांना विचारणा जाते, याला हरकत आहे का? एकाने हरकत कळवली की संपलं, मग क्लोचरचे ते सगळे दिवस आले. सिनेटर टॉमी ट्युबरव्हिल यांनी २०२३ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर ४०० हून अधिक लष्करी बढत्या अशाच रोखल्या, पेंटॅगॉनच्या गर्भपातविषयक प्रवासखर्चाच्या धोरणावरून. २०१० मध्ये सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनी अलाबामाशी संबंधित दोन कामांसाठी ७० हून अधिक नेमणुका एकदम धरून ठेवल्या होत्या.

नेमणुकांपुरता हा दात पुष्कळ काढला गेलाय. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेव्हाचे बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नेमणुकांना साधं बहुमत केलं, २०१७ मध्ये त्याच पदावर आलेल्या मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयालाही, २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि दुय्यम पदांचे क्लोचरनंतरचे ३० तास २ वर आले. २०२५ च्या शरदात गठ्ठ्याने मंजुरी सुरू झाली, ७ ऑक्टोबरला एका मतदानात १०७ जण. विधेयकांना मात्र होल्ड तसाच लागू.

नागपूर_न्यूजर्सी

ग्रीनकार्डच्या देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेचं विधेयक याच होल्डमुळे मेलं असं ऐकलंय. खरं का? आणि शटडाऊनचा एच-१बी वर परिणाम होतो का?

कोपऱ्यातला बाक

अर्धं खरं. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५-६५ ने मंजूर झालं. सिनेटमध्ये माइक ली यांनी सर्वसंमतीने मंजूर करायचा प्रयत्न केला, तेव्हा आधी रँड पॉल, मग डेव्हिड पर्ड्यू, मग डिक डर्बिन यांची हरकत. प्रत्येकाचं कारण वेगळं, प्रत्येकाशी तडजोड करताना मजकूर बदलत गेला. २ डिसेंबर २०२० ला सर्वसंमती मिळाली, पण तोवर तो मजकूर प्रतिनिधीगृहाच्या मजकुराहून वेगळा झाला होता. जुळवायला महिना उरला, ३ जानेवारीला काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक आपोआप रद्द. तेव्हा मारलं होल्डने नाही, होल्डने खाल्लेल्या दीड वर्षाने.

शटडाऊनचं: नागरिकत्व-इमिग्रेशन खातं शुल्कावर चालतं, ते बहुतेक चालू राहतं. अडतं ते कामगार खात्यापाशी. एच-१बी अर्जाआधी लागणारं एलसीए आणि ग्रीनकार्डसाठीचं पर्म तिथून होतं. २०२५ मध्ये ते १ ऑक्टोबरला बंद पडलं आणि महिनाअखेरीला सुरू झालं. सप्टेंबरअखेरीला मुदत येत असेल तर एलसीए आधीच मंजूर करून ठेवा, कंपनीच्या वकिलाला ऑगस्टमध्येच विचारा.

रानजाई

सिनेटच्या संकेतस्थळावरची मतदान यादी वाचताना कोण अडवतंय ते कसं ओळखायचं? अनेकदा बहुमताचा नेताच स्वतःच्या विधेयकाविरुद्ध मत देताना दिसतो.

खर्डेघाशा

यादीत आधी प्रश्न वाचा. "ऑन द मोशन टू प्रोसीड" असेल तर विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही एवढंच. "ऑन द क्लोचर मोशन" असेल तर (नेमणुका सोडून) ६० चा मामला, खरी अडवणूक इथे सापडते. "ऑन पॅसेज ऑफ द बिल" हे शेवटचं, इथे साधं बहुमत. मार्च २०२५ च्या सीआरला क्लोचरवर ६२-३८ पडली, मंजुरीवर ५४-४६. क्लोचरला हो म्हणून विधेयकाला नाही म्हणणारे असे सापडतात, आणि मतदारसंघात जाऊन ते दुसरंच मत दाखवतात.

नेत्याचं उलटं मत हा नियमाचा भाग आहे. फेरमतदानाचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूचाच सदस्य मांडू शकतो. क्लोचर पडतोय असं दिसलं की नेता शेवटच्या क्षणी आपलं मत "नाही" करतो, म्हणजे पुन्हा क्लोचर दाखल न करता तोच प्रस्ताव परत आणता येतो. त्यामुळे यादी मोजताना ते एक मत बाजूला काढा, आणि गैरहजर असतील ते सगळे अडवणाऱ्यांच्या खात्यात धरा.